उकळून गार केलेलं पाणी

एकतीस वर्षं मी अकोल्यातल्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवलं. हा विषय घेणारी मुलं दोन प्रकारची असायची. एक, ज्यांना यात मार्क पडतात असं कुणीतरी सांगितलेलं असायचं. दुसरी, ज्यांना बाकी कुठल्याच विषयात जागा मिळालेली नसायची. तरी माझी ऐट मोठी होती. भाजीवाला म्हणाला, "कालचीच मेथी हाय, ताजी", की मी तिथेच उभा राहून त्याला विधानातली विसंगती समजावून सांगायचो. बायको तोवर पुढच्या गाडीवरून मेथी घेऊन मोकळी व्हायची. लग्नाच्या पंगतीत कुणी काही बोललं की मी घास हातात धरून विचारायचो, "हे तुम्ही कशावरून म्हणता?" पंगतीत माझ्या शेजारची जागा बहुधा रिकामी राहायची. लोक आदरानं अंतर ठेवतात, असं मला वाटायचं.

ही खोड वडिलांकडून आलेली. ते अंजनगाव सुर्जीच्या बाजारात हमाली करायचे. छप्पन्न साली नागपूरला जाऊन बौद्ध झाले आणि परत आल्यावर, चांगले बाप्ये झाल्यावर, अक्षरं गिरवायला बसले. आम्ही भावंडं बाहेरून काही ऐकून आलो, चिंचेवर भूत आहे म्हणा, की अमक्याच्या विहिरीतून आवाज येतो म्हणा, तर ते एवढंच विचारायचे, "पाहून आला का?" नाही म्हटलं की म्हणायचे, "मंग जा, पाहून ये." त्या चिंचेखाली अख्खी दुपार बसून आलेला पोरगा आहे मी. असा पोरगा पुढे तर्कशास्त्राचा मास्तर झाला यात आश्चर्य नाही. आश्चर्य वाटावं असं जे आहे ते त्याच्या निवृत्तीनंतर घडलं.

माझा एक मित्र आहे. तो त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. आम्ही एकाच वर्षी लागलो. सुरुवातीची बारा वर्षं एकाच स्कूटरवरून कॉलेजला गेलो. स्कूटर त्याची, पेट्रोल आळीपाळीनं. तो मूर्तिजापूरकडचा, घरची काळी जमीन, बोलायला रांगडा. पुढे गावाबाहेर नवी कॉलनी पडली तेव्हा शेजारशेजारचे प्लॉट घेतले, मध्ये कमरेएवढी भिंत घातली. संध्याकाळचा चहा एक दिवस त्याच्या ओट्यावर, एक दिवस माझ्या. राजकारणावर आम्ही रोज बोलायचो आणि सगळ्यांनाच शिव्या घालायचो. कोणताही पक्ष सुटायचा नाही. ते दिवस आठवले की वाटतं, तेव्हा आम्ही लोकशाहीचे खरे आधारस्तंभ होतो, फक्त आम्हाला ते माहीत नव्हतं.

आमचं कधी बिघडलं ते नेमकं सांगता येत नाही. निवृत्त झालो, हातात मोबाइल आले, पोरं बाहेर गेली. त्याला एका पक्षाचं पटायला लागलं, मला दुसऱ्याचं. आधी त्यात गंमत होती. मग तो पहाटे पाचला माझ्या पक्षावर एक मजकूर पाठवायचा आणि मी सव्वापाचला त्याच्या पक्षावर दोन. त्याचं चॅनेल भिंतीपलीकडून ऐकू यायला लागलं, म्हणून मी माझ्या चॅनेलचा आवाज वाढवला. त्यानंही वाढवला. बायको म्हणाली, "दोन्हीकडे एकच जाहिरात चालू हाय, तेवढी तरी बारीक करा." एके संध्याकाळी चहाला तो आला नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. मग चहा संपलाच. भिंतीवरून वाट्यांची ये-जा तेवढी चालू राहिली, कारण ती बायकांच्या ताब्यात होती आणि त्यांना आमच्या भांडणात काडीचा रस नव्हता.

आता पाण्याचं. आमच्याकडे नळ चार-चार दिवसांनी येतो, त्यामुळे नळाचा विषय घरोघरी तापलेला असतो. माझ्या पक्षाचा वॉर्डातला माणूस खटपट्या. त्यानं कॉलनीत नवी पाइपलाइन टाकून घेतली. उद्घाटनाला एक प्रतिष्ठित नागरिक हवा होता म्हणून नारळ माझ्या हातून फोडला. तो पहिल्या फटक्यात फुटला नाही, दुसऱ्या-तिसऱ्यातही नाही. शेवटी प्लंबरनं पाना मारून फोडला. फोटोत मात्र मीच आहे. घरी येऊन मी कॉलनीच्या ग्रुपवर आभाराचा लांबलचक मजकूर लिहिला. त्यात "भगीरथ" हा शब्द दोनदा होता.

एप्रिल सरता सरता बायको म्हणाली, पाण्याला वास येतो. मी तिला सांगितलं की वास पाण्याला नाही, शेजारच्या घरातून येणाऱ्या प्रचाराला आहे. माणसाच्या मनात आधी एखादी गोष्ट भरवली की नाकालाही ती जाणवू लागते. हे मी तिला उदाहरणांसह पंधरा मिनिटं समजावलं. ती ऐकून घेऊन स्वयंपाकघरात गेली. पुढे काही बोलली नाही. तिला पटलं, असं मी धरून चाललो.

मग एका सकाळी मित्रानं ग्रुपवर फोटो टाकला. पाण्याची टाकी, तिच्यात मेलेला साप, आणि खाली मजकूर: हेच आहे का तुमचं भगीरथाचं पाणी. ग्रुपवर एकच गलका उडाला. मी चष्मा पुसला आणि फोटो मोठा करून पाहिला. टाकीमागे नारळाची झाडं होती. आमच्या अकोल्यात एवढे नारळ फक्त दुकानात दिसतात. भिंतीवरची पाटी कुठल्यातरी दक्षिणेकडच्या लिपीत होती. टाकी गोल होती, आमची चौकोनी आहे. मी पाच मुद्दे काढले, त्यांना आकडे दिले आणि ग्रुपवर टाकले. फोटो खोटा आहे हे मी निर्विवाद सिद्ध केलं होतं. आजही ते मुद्दे बरोबरच आहेत.

पण मी तिथे थांबलो नाही. खाली लिहिलं: सबब आपल्या कॉलनीचं पाणी शुद्ध आहे. आणि पुरावा म्हणून: मी स्वतः रोज हेच पाणी पितो, मला काहीही झालेलं नाही.

एकतीस वर्षं मी वर्गात दर जुलैत एक गोष्ट शिकवत आलो. एखाद्यानं चुकीचं कारण दिलं म्हणून त्याचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. बेडूक ओरडला म्हणून पाऊस येतो असं कुणी म्हणालं आणि आपण त्याचं म्हणणं खोडून काढलं, तरी आपण भिजायचे थांबत नाही. पोरं हसायची, मी फळ्यावर आकृती काढायचो, परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा. त्या सकाळी परीक्षा माझी होती आणि मी नापास झालो. पण ग्रुपवर अंगठे आणि टाळ्या इतक्या आल्या की निकाल माझ्यापर्यंत पोचलाच नाही. कुणीतरी लिहिलं, "सर, तुमच्यासारखी माणसं देशाला हवीत." मी ते वाक्य बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

त्याच सुमारास आमचं गॅस सिलेंडर लवकर संपायला लागलं. एजन्सीवाला मित्राच्या पक्षाचा. तो सिलेंडर कमी भरून देतो, असा निष्कर्ष मी काढला आणि तोही ग्रुपवर टाकला. घरात गॅस कशाला जातो, हे बघायला स्वयंपाकघर दहा पावलांवर होतं.

वाद वाढला तेव्हा कॉलनीची सभा बोलावली गेली. संध्याकाळी सहाची वेळ, मोकळ्या प्लॉटवर टिनाचं शेड आहे तिथे. खुर्च्या एकत्र मांडलेल्या होत्या. लोकांनी येऊन त्या ओढून दोन भाग केले आणि मधून एक वाट आपोआप तयार झाली. मित्र पलीकडच्या पहिल्या रांगेत. त्याच्या हातात काचेची बाटली होती, त्या दिवशीच्या नळाची. पाणी किंचित गढूळ दिसत होतं. तो उठला, बाटली टेबलावर ठेवली, शेजारी स्टीलचा ग्लास ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू म्हणत असतो ना, रोज पेतो. पेऊन दाखव."

मी उठलो. आमच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या होत्या. ग्लास तोंडाजवळ नेला तेव्हाच वास आला. लोखंड आणि त्याच्या खाली काहीतरी सडकं. माणूस तिथे थांबू शकतो. मागे चाळीस माणसं टाळ्या वाजवत असली की नाही थांबत. मी ग्लास एका दमात रिकामा केला आणि म्हणालो, "गोड आहे."

मित्र टेबलापाशीच होता. मला तेवढंच ऐकू येईल अशा आवाजात तो म्हणाला, "थुकून टाक लेका. पोटातलं बी ओकून टाक."

तो घाबरला असा अर्थ मी लावला. हरलेला माणूस असंच बोलतो. म्हणून मी दुसरा ग्लास भरला आणि तोही प्यालो.

त्या संध्याकाळी मला लोकांनी घरापर्यंत आणून सोडलं. बायकोनं दार उघडलं, काय झालं ते ऐकलं आणि मला घरात घेण्याआधी एकच विचारलं, "दोन ग्लास?" मी अभिमानानं हो म्हणालो.

पुढचे तीन आठवडे मी ठणठणीत होतो आणि ते ठणठणीतपण ग्रुपवर रोज जाहीर करत होतो. मग एके दिवशी अंगात कणकण आली. पोळीचा वास नकोसा झाला. मी म्हणालो, ऊन लागलं. बायको म्हणाली, आरशात डोळे पाहा. आरशातला माणूस हळदीत लोळून आल्यासारखा दिसत होता. तरी मी म्हणालो, ट्यूबलाइटचा परिणाम असेल. तिनं मला रिक्षात घातलं.

डॉक्टर तरुण होते. पोट दाबून पाहिलं, रक्त काढायला सांगितलं आणि विचारलं, पाणी कुठलं पिता? मी सांगितलं, नळाचं, वर्षभर तेच पितो आहे, आजवर काही झालं नाही, तेव्हा कारण पाणी नसावं. डॉक्टर मान डोलवत लिहून घ्यायला लागले तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावरून बायको म्हणाली, "नाई डॉक्टरसाहेब. हे उकळून गार केलेलं पेतात. दोन महिने झाले. नळाचं फक्त त्या सभेत पेलं."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. मी तिच्याकडे पाहिलं. माझा संपूर्ण पुरावा, जो मी साठ घरांना वाटला होता, तो तिनं रोज सकाळी पातेल्यात उकळला होता, फडक्यानं गाळला होता आणि माठात भरला होता.

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगतलं होतं," ती म्हणाली. "वास येते म्हणून. तुमी पंधरा मिनिटं बोलले."

कावीळ निघाली. महिनाभर पडून राहायचं, तेल-तूप बंद. पडल्या पडल्या मोबाइल होताच. सर आजारी पडले ही बातमी ग्रुपवर गेली तेव्हा आमच्या बाजूला मोठा पेच पडला. पाणी तर शुद्ध आहे, मग सर पिवळे कसे झाले? दोन दिवसांत उत्तर तयार झालं. ते कुणी तयार केलं मला माहीत नाही, पण ते सोपं होतं. बाटली कुणी आणली होती? रसायनशास्त्रवाल्यानं. रसायनशास्त्रवाल्याकडे काय असतं? रसायनं.

हे मी उताणा पडून वाचलं. माझ्या मित्रानं मला विष घातलं, असं माझी बाजू म्हणत होती. ज्या माणसानं मला थुंकून टाक म्हणून सांगितलं तो माणूस. बारा वर्षं मी ज्याच्या पाठीमागे स्कूटरवर बसलो तो माणूस. मी एक ओळ लिहिली असती तर ते तिथेच मिटलं असतं. डॉक्टरांनी मला कारण सांगितलं होतं. बाटलीत रसायन टाकून ही कावीळ होत नाही, हे मला समजत होतं. पण मी ती ओळ लिहिली नाही. एवढंच नाही, तर डोक्याच्या एका कोपऱ्यात मला ते बरंही वाटलं. विष घातलं असेल, तर माझे पाच मुद्दे शाबूत राहत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून पाहिलं. मित्राच्या कंपाउंडच्या भिंतीवर कुणीतरी लाल रंगानं "विषवाला" असं लिहून ठेवलं होतं. तो लुंगीवर, बनियनवर, घासणी आणि बादली घेऊन ते पुसत होता. रंग जात नव्हता. तो थोडा वेळ थांबायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि परत घासायचा. एकदा त्यानं माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी पडदा ओढला. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला आहे आणि तो सांगताना मला हसू येतं. तो पडदा सांगताना येत नाही.

तिसऱ्या दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. ती आमच्याच कॉलनीत तिसऱ्या ओळीत राहते आणि शाळेत शिकवते. सोबत डाळिंबाचे दाणे काढून डब्यात आणले होते. माझी चौकशी केली, मग हळू आवाजात सांगितलं की तिची आठ वर्षांची मुलगी दवाखान्यात आहे. तीच कावीळ. मुलीचं अंग जास्त खचलं होतं, सलाइन चालू होतं. आधी ते विकतचा पाण्याचा कॅन घ्यायचे. माझे पाच मुद्दे वाचल्यावर तिनं कॅन बंद केला होता. सर तर्कशास्त्राचे, सर उगाच लिहिणार नाहीत, असं ती नवऱ्याला म्हणाली होती.

मी काहीतरी बोलायला गेलो, पण ती दोष द्यायला आलेली नव्हती. तिला एक शंका होती.

"सर," ती म्हणाली, "ग्रुपवर लिहून राहिले का केमिस्ट्रीच्या सरांनी बाटलीत काही टाकलं. पण माझ्या पोरीनं थे बाटली पेली नाही. मंग तिला काहून झालं?"

डाळिंबाचा डबा तिच्या मांडीवर होता आणि ती उत्तराची वाट पाहत होती, जशी वर्गात दुसऱ्या बाकावरून पाहायची. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या हजारेक मुलांत निदान एकीनं विषय शिकला होता. मास्तर शिकायचा राहिला होता.

मी तिला सांगितलं की त्यानं काही टाकलेलं नाही, दोष पाण्याचा आहे, आणि मी जे लिहिलं ते तपासून लिहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, "मीही नाही तपासलं, सर. तुमचं नाव पाहिलं." आणि ती दवाखान्यात परत गेली.

ती गेल्यावर मी उठलो. बायको नको म्हणत होती. भिंत ओलांडायची ताकद नव्हती म्हणून फाटकातून बाहेर, आणि त्याच्या फाटकातून आत. ती वीस पावलं मी दीड वर्षात चाललो नव्हतो. तो ओट्यावर बसला होता. भिंतीवर त्या शब्दाचा गुलाबी डाग राहिला होता.

"मी काही मिसळलं नाई," तो म्हणाला, मी बसायच्या आधीच.

"माहीत आहे मले."

"कधीपासून माहीत हाय?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग काल काहून नाई बोलला?"

पडदा मीच ओढला होता. मी तसं सांगितलं. त्याला वाटलं असतं तर त्यानं मला हाकलून द्यायला हरकत नव्हती. मी त्याच्या जागी असतो तर दिलं असतं, पाच मुद्द्यांसह. तो आत गेला, खुर्चीवर टाकायला उशी घेऊन आला आणि म्हणाला, "बस. पिवळा झाला पार."

मग त्यानं त्याचं सांगितलं. पाणी तपासायला एक निर्जंतुक बाटली आणि दोन-तीन दिवस लागतात. त्याचा एक विद्यार्थी अमरावतीत प्रयोगशाळा चालवतो. एका फोनचं काम होतं. मी विचारलं, मग तू केलं का नाहीस? तो म्हणाला, "मले भेव वाटलं. पाणी चांगलं निघालं असतं तर?"

मला भीती होती की वाईट निघेल. त्याला भीती होती की चांगलं निघेल. सापाचा फोटो कुठला हे त्यालाही माहीत नव्हतं. आला तसा पुढे ढकलला होता. त्याच्या घरी सगळे कॅनचंच पाणी पीत होते, त्यामुळे त्याला घाई नव्हती. माझ्या घरी उकळलेलं होतं, त्यामुळे मलाही नव्हती. साठ घरांच्या कॉलनीत एक रसायनशास्त्रज्ञ आणि एक तर्कशास्त्रज्ञ, आणि दोघांच्या नाकाखाली एक मूल आजारी पडलं. देशात काय चाललं आहे यावर मी रोज पहाटे लिहीत होतो. देश तिसऱ्या ओळीत राहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्रानं जंतू मरावेत म्हणून नळाचं तोंड आधी ज्योतीवर भाजून घेतलं, निर्जंतुक बाटलीत पाणी भरलं आणि माझ्या बायकोनं दिलेला बर्फ डब्यात घालून एसटीनं अमरावतीला निघाला. मी सोबत जाण्याच्या अवस्थेत नव्हतो. मूर्तिजापूरला गाडी बंद पडली म्हणून त्यानं फोन केला. बर्फ टिकेल का याची त्याला चिंता होती. मी म्हणालो, स्टँडवर रसवंतीतून थोडा बर्फ मागून घे. तो म्हणाला, तोच घेऊन राहिलो, तू झोप. दीड वर्षातलं आमचं ते पहिलं साधं बोलणं.

चार दिवसांनी अहवाल आला. पिण्यास अयोग्य. मी तो ग्रुपवर टाकला आणि खाली तीन वाक्यं लिहिली. माझे पाच मुद्दे फक्त फोटोबद्दल खरे होते. मी घरी उकळलेलं पाणी पीत होतो आणि ते मला माहीत नव्हतं. बाटलीत पाण्याशिवाय काही नव्हतं.

मला वाटलं होतं, आता सगळे शांत होतील. दहा मिनिटांत आमच्या बाजूच्या एका तरुण वकिलानं उत्तर टाकलं: अहवाल खोटा आहे, कारण क्रमांक एक, प्रयोगशाळा अमरावतीची, क्रमांक दोन, तिचा मालक याच गृहस्थाचा विद्यार्थी, तीन, बर्फाचं पाणी बाटलीत गेलं असणार, चार, शिक्का तिरका आहे, पाच, सरांची तब्येत बरी नसल्यानं त्यांच्याकडून लिहून घेतलं असावं. मांडणी सुरेख होती. आकडे दिले होते. मला माझाच हात ओळखू आला आणि क्षणभर तर कौतुकही वाटलं.

मित्राचं वेगळं नव्हतं. अहवाल आला त्या दिवशी त्याच्या बाजूनं त्याला हार घालायचं ठरवलं. त्यानं ग्रुपवर लिहिलं की सापाचा फोटो खोटा होता आणि तो न पाहता पाठवल्याबद्दल तो माफी मागतो. हार रद्द झाला. एकानं त्याला विचारलं की तो किती पैशांना विकला गेला. तो मला म्हणाला, "आता आपण दोघंच उरलो, गड्या." आणि तेही भिंतीच्या दोन बाजूंना, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

काम केलं ते बायकांनी. माझी बायको, मित्राची बायको, ती विद्यार्थिनी आणि आणखी सात-आठ जणी अहवालाची झेरॉक्स घेऊन पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेल्या. पाणी कुठल्या पक्षाचं, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. साहेब येत नाहीत तोवर बसून राहिल्या, सोबत नळाच्या पाण्याची कळशी होती आणि येणाऱ्या प्रत्येक साहेबाला त्या चहाऐवजी ते देऊ करत होत्या. तिसऱ्या दिवशी खोदकाम झालं. नवी लाइन नालीच्या आतून नेलेली होती आणि तिथला जोड फुटलेला होता. नळाला दाब नसला की नालीचं पाणी लाइनमध्ये शिरायचं. दुपारभरात जोड बदलला. एवढंच काम होतं. त्याला अडीच महिने लागले, कारण आम्ही अडीच महिने भांडत होतो.

मुलगी बरी झाली, पण सावकाश. शाळा उघडली तेव्हा ती जाऊ शकली नाही. पावसाळ्याचे दोन महिने घरात गेले. मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती झोपलेली होती. माझ्यासमोर तिच्या आईनं पाणी ठेवलं, आणि मग थोडं ओशाळून म्हणाली, "उकळलेलंच हाय, सर." नव्या जोडानंतरचा दुसरा अहवाल चांगला आला होता, तो मीच तिला पाठवला होता. मी ग्लास उचलला. पाणी प्यालो.

कॉलनीत आता दोन ग्रुप आहेत. मी आणि मित्र कुठल्याच ग्रुपमध्ये नाही. दोन्हीकडून काढले गेलो, आणि यात मला थोडी मोठेपणाची भावना येऊ लागली तेव्हा बायकोनं आठवण करून दिली की ग्रुप मी सोडलेला नाही, मला हाकललं आहे. आमची मतं बदललेली नाहीत. परवाच्या मतदानाला आम्ही एकाच रिक्षातून गेलो, वाटेत त्यानं माझ्या उमेदवाराला चोर म्हटलं आणि मी त्याच्या उमेदवाराला. मी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, तू सांग कशावरून. दोघांनीही फक्त ऐकलेलं होतं. रिक्षावाल्यानं आरशातून मागे पाहिलं आणि तो ज्याला मत देणार होता त्याचं नाव सांगितलं. तो तिसराच होता. मग शाळेच्या फाटकापर्यंत आम्ही दोघांनी मिळून त्याला समजावलं.